हमी सुटते, खड्डा उरतो

दिल्लीकर मराठी माणसाला यशवंतपूर हे नाव ठाऊक असते ते रेल्वेगाडीच्या पाटीवरून, आणि नाशिक-नगरकडील कांदा व्यापाऱ्याला तेथील बाजार समितीमुळे. मात्र याच यशवंतपुरात, तुमकूर रस्त्यालगत गोरगुंटेपाळ्याच्या औद्योगिक उपनगरात, केंद्र सरकारचे एक कार्यालय आहे. त्याच्या दाखल्यावर कर्नाटकातील उकरलेल्या जमिनीचे भवितव्य ठरते. भारतीय खाण ब्युरोचे हे बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालय. ब्युरोची स्थापना १ मार्च १९४८ ची आणि मुख्यालय नागपूरचे. खाणीतील खनिज संपल्यावर किंवा पट्टा सोडताना खाणपट्टाधारकाने जमीन पूर्ववत केली की नाही हे पाहणे, आणि त्यानुसार त्याने शासनाकडे ठेवलेली वित्तीय हमी मुक्त करणे अथवा जप्त करणे, ही या यंत्रणेची जबाबदारी. ती कशी पार पाडली जाते याची चर्चा संसदेत क्वचितच होते आणि खाणीलगतच्या ग्रामसभेत तर होतच नाही. दोन्ही ठिकाणचे हे मौन परवडणारे नाही.

वित्तीय हमीचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. बंगळुरात बिऱ्हाड थाटणाऱ्या प्रत्येक मराठी नोकरदाराला दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मोजण्याच्या तेथील रिवाजाची झळ लागलेली असते. घर सोडताना मालक भिंती पाहतो, नळ पाहतो, रंगाचा खर्च वजा करतो आणि मगच उरलेली रक्कम परत करतो. ही व्यवस्था चालते, कारण अनामत दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठी असते आणि पाहणी करणारा तो असतो ज्याचे घर आहे. खाणीच्या बाबतीत या दोन्ही अटी उलट्या झालेल्या आढळतात. हमीची रक्कम दुरुस्तीच्या खर्चापुढे क्षुल्लक असते. आणि ज्याच्या शेतात, विहिरीत व ओढ्यात खाणीची माती उतरते, त्याला पाहणीच्या वेळी कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे हा विचार कायद्यात शिरला तोच मुळी उशिरा. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली झालेल्या खनिज संवर्धन व विकास नियमांत १० एप्रिल २००३ रोजी दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणीसाठी समापन आराखडा व वित्तीय हमी बंधनकारक झाली. तोपर्यंत कर्नाटकातीलच कोलार सुवर्णखाणी बंद होऊन दोन वर्षे लोटली होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजी तेथील काम थांबले. सोने काढून उरलेल्या, सायनाइडचा संस्कार झालेल्या भुकटीच्या टेकड्या मात्र वस्तीला खेटून उभ्याच राहिल्या. त्या खाणी भूमिगत होत्या हे खरे, पण त्यांनी मागे ठेवलेले ओझे जमिनीवरचेच आहे. २००३ च्या दुरुस्तीने या अनुभवापासून बोध घेतला असे म्हणावे, तर हमीचे दर पाहून तसा निष्कर्ष काढणे कठीण जाते. यांत्रिक पद्धतीने चालणाऱ्या ‘अ’ वर्गाच्या खाणींसाठी हेक्टरी २५ हजार रुपये, ‘ब’ वर्गासाठी हेक्टरी १५ हजार. किमान रक्कम अनुक्रमे २ लाख व १ लाख. तीही संपूर्ण पट्ट्यावर नव्हे, तर खनन व अनुषंगिक कामांसाठी वापरात आणलेल्या क्षेत्रापुरती. शंभर हेक्टर डोंगर पोखरणाऱ्या यांत्रिक खाणीची हमी भरत होती २५ लाख रुपये. तेवढ्यात खड्ड्याचा एक कोपरा तरी भरून निघाला असता की नाही, याची शंकाच आहे.

या हिशेबातील फोलपणा बळ्ळारीने उघडा पाडला. न्या. संतोष हेगडे यांच्या लोकायुक्त अहवालांनी २००८ आणि २०११ मध्ये जे चित्र मांडले, त्यात राजकारण्यांच्या नावांचीच चर्चा अधिक झाली. सरकार बदलले, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. समाज परिवर्तन समुदायाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये बळ्ळारीतील आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये तुमकूर व चित्रदुर्ग जिल्ह्यांतील लोहखनिज उत्खनन थांबविले. केंद्रीय उच्चाधिकार समितीने खाणींची ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी वर्गवारी केली. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने ‘क’ वर्गातील पट्टे रद्द झाले आणि उरलेल्यांना प्रत्येक खाणीपुरता पुनर्वसन व पुनरुज्जीवन आराखडा अमलात आणल्याशिवाय काम सुरू करण्यास मनाई झाली. हद्दीबाहेर खणलेल्या खड्ड्यासाठी हेक्टरी ५ कोटी आणि हद्दीबाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांसाठी हेक्टरी १ कोटी रुपये भरपाई आकारण्यात आली.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की व्यवस्थेचे अपयश वेगळे सांगावे लागत नाही. बळ्ळारीच्या एका हेक्टर बेकायदा खड्ड्याची भरपाई ही २००३ च्या नियमानुसार दोन हजार हेक्टर खाणक्षेत्राची हमी होते. भरपाईत दंडाचा आणि लुटलेल्या खनिजाच्या किमतीचा अंश आहे, हमीत तो नाही, त्यामुळे दोहोंची तुलना तंतोतंत होऊ शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही दोन हजार पटींचे अंतर केवळ दंडाने भरून निघत नाही. ‘झाल्यावर’ वसूल करता येणारी रक्कम आणि ‘होण्याआधी’ अडकवून ठेवलेली रक्कम यांत शासनाने किती तफावत सहन केली, याचे ते मोजमाप आहे. शिवाय उशिरा मिळालेला पैसा उशिराच खर्च होतो. बाधित टापूच्या पर्यावरणासाठी २०१४ मध्ये कर्नाटक खाण पर्यावरण पुनर्स्थापन महामंडळ स्थापन झाले. हजारो कोटींचा निधी साठला. पण तो खर्च करण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने मोकळी केली ती २०२२ मध्ये, न्या. सुदर्शन रेड्डी यांच्या देखरेखीची अट घालून. बंदीपासून तोवर अकरा पावसाळे गेले. डोंगरावरची लाल माती तेवढ्या काळात कोणाच्या शिवारात जाऊन बसली असेल, हे सांगण्यास तज्ज्ञांची गरज नाही.

नियम सुधारले नाहीत असे मात्र नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये नवे खनिज संवर्धन व विकास नियम आले आणि हमी हेक्टरी ३ लाख व २ लाखांवर गेली. नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ती ५ लाख व ३ लाख झाली. अंतिम समापन आराखडा मुदतीत सादर न करणाऱ्याची हमी जप्त करण्याची तरतूदही याच दुरुस्तीने केली. ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या पट्ट्यांना, तसेच वर्षाला १० लाख टन वा अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्यांना, दरवर्षी पट्टा व त्याच्या हद्दीबाहेरील १०० मीटर परिसर यांची ड्रोनद्वारे टिपलेली छायाचित्रे सादर करणे भाग पडले. इतरांना उपग्रहाची छायाचित्रे द्यावी लागतात. ही पावले स्वागतार्ह आहेत. अठरा वर्षांत हमीचा दर वीसपट झाला, ही छोटी गोष्ट नव्हे. परंतु दर वाढविणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग, म्हणजे हमी ‘मुक्त’ करण्याची रीत, जवळपास होती तेथेच आहे.

ही रीत काय आहे? पट्टाधारकाने समापन आराखड्यातील कामे पूर्ण केल्याची सूचना द्यायची, ब्युरोच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने ती समाधानकारक असल्याचे प्रमाणित करायचे आणि हमी सुटायची. आराखड्याप्रमाणे काम होणार नाही अशी सबळ शंका असल्यास ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन ती जप्त करण्याचा अधिकार नियमांत आहे. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण ‘समाधानकारक’ म्हणजे काय, याचे जमिनीवर मोजता येईल असे टप्पे नाहीत. लावलेली रोपे किती पावसाळ्यांनंतर मोजायची? खड्ड्यात साठलेले पाणी ‘जलसाठा’ म्हणून जमेस धरायचे की न भरलेला खड्डा म्हणून नावे टाकायचे? सुपीक वरची माती वेगळी साठवून पुन्हा पसरली काय, की ती पोटमातीत मिसळून गेली? या प्रश्नांची उत्तरे त्या त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविली आहेत. विवेकी अधिकारी नाहीत असे नव्हे. पण व्यवस्था व्यक्तीच्या विवेकावर टांगून ठेवणे हे नियमनाचे लक्षण नाही. हमी बँकेची असते आणि तिला मुदत असते, ही आणखी एक अडचण. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करून घेण्याचे भान कार्यालयाला राहिले नाही, तर हमी कोणी ‘मुक्त’ न करताच सुटते.

याहून खोल दोष नियमांच्या गृहीतकात आहे. खाण ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने बंद होईल, पट्टाधारक दोन वर्षे आधी अंतिम आराखडा सादर करील, काम करील, दाखला घेईल, असे नियम धरून चालतात. प्रत्यक्षात भारतातील मोठ्या खाणी ‘बंद होत’ नाहीत, त्या ‘थांबतात’. गोव्याच्या मराठी वृत्तपत्रांत ‘खाणबंदी’ हा शब्द रोजचा आहे. पण त्याचा अर्थ न्यायालयाने वा सरकारने आणलेली बंदी एवढाच. खाण रीतसर मिटवून जमीन परत करणे या अर्थाने तो शब्द कोणी वापरीत नाही, कारण तशी घटनाच तेथे लोकांच्या पाहण्यात आलेली नाही. न्या. शहा आयोगाचा गोव्यावरील अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ च्या निकालाने पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपल्याचे स्पष्ट केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये यंत्रे पुन्हा थंडावली. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत पाण्याने भरलेले खड्डे आणि मातीचे डोंगर जसेच्या तसे राहिले. पट्टा कायद्याने संपलेला, धारक न्यायालयात, नवा धारक लिलावातून यायचा. अशा वेळी अंतिम आराखडा मागायचा कोणाकडे? कुद्रेमुखचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००२ च्या आदेशानुसार तेथील उत्खनन २००५ च्या अखेरीस थांबले. हमीचा नियम आला तो या दोन तारखांच्या मध्ये. पश्चिम घाटातील त्या खाणीला हमीच्या नियमाचा आधार घेण्यास अवधीच मिळाला नाही.

विदर्भाला हा विषय कोळशाच्या मार्गाने ठाऊक आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड परिसरातील खुल्या कोळसा खाणींना ब्युरोचे नियम नव्हे, तर कोळसा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. ऑगस्ट २००९ मध्ये मंत्रालयाने खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये निश्चित केले, आणि तेही बँक हमीच्या कागदावर नव्हे, तर कोळसा नियंत्रकाच्या हक्काच्या स्वतंत्र खात्यात दरवर्षी रोख. त्याच वर्षी लोहखनिजासाठी हेक्टरी २५ हजार चालत होते. एकाच केंद्र सरकारच्या दोन मंत्रालयांच्या लेखी एका हेक्टर जमिनीच्या दुरुस्तीच्या खर्चात चोवीसपट अंतर होते, ही बाब कोणत्याही आंतरमंत्रालयीन बैठकीत खटकली असेल, तर त्याचा परिणाम नियमांत दिसण्यास आठ वर्षे लागली. अर्थात कोळशाची व्यवस्थाही निर्दोष नाही. २०१३ च्या सुधारित तत्त्वांनुसार दर पाच वर्षांनी झालेला खर्च किंवा खात्यातील ८० टक्के रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते परत घेता येत असे. प्रमाणपत्रासाठी सरकारमान्य संस्थांचा आधार घेतला जातो, हे चांगले. पण मोजला जातो तो खर्च, फलित नव्हे. रोपांवर पैसे खर्च झाले याची पावती मिळते. रोपे जगली की नाही, याची पावती कोणी मागत नाही.

जगात याहून वेगळी रीत रूढ आहे. अमेरिकेने ऑगस्ट १९७७ मध्ये खुल्या कोळसा खाणींसाठी स्वतंत्र कायदा केला. तेथे हमी तीन टप्प्यांत सुटते. खड्डा भरून उतार व निचरा ठीक केल्यावर जास्तीत जास्त ६० टक्के. हिरवळ रुजल्यावर दुसरा हिस्सा. आणि उरलेली रक्कम ती हिरवळ किमान पाच वर्षे, कोरड्या प्रदेशात दहा वर्षे, टिकली तरच. महत्त्वाचे असे की, हमी परत मागणाऱ्याला स्थानिक वृत्तपत्रात सलग चार आठवडे जाहिरात द्यावी लागते. शेजारच्या जमीनमालकांना व स्थानिक स्वराज्य संस्थांना पत्रे पाठवावी लागतात. आणि त्यांना हरकत घेण्याचा व जाहीर सुनावणी मागण्याचा हक्क असतो. ही व्यवस्थाही सर्व काळ टिकली असे नाही. मोठ्या कंपन्यांना स्वतःच्या पतीवर ‘स्वयंहमी’ देण्याची सवलत काही राज्यांनी दिली आणि २०१५-१६ मध्ये बड्या कोळसा कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्या कागदाची किंमत काय, असा प्रश्न तेथील नियामकांपुढे उभा राहिला. धडा दुहेरी आहे: हमी टप्प्याटप्प्याने व लोकांच्या साक्षीने सोडावी, आणि ती खणखणीत नाण्याची असावी.

खाण उद्योगाचा आक्षेप असा की, स्वामित्वशुल्क, जिल्हा खनिज प्रतिष्ठानची वर्गणी, लिलावाचा हप्ता, वनजमिनीची भरपाई यांनी कंबरडे मोडलेले असताना हमीचा बोजा वाढविणे म्हणजे खनिज आयातीस निमंत्रण देणे होय. यात तथ्यांश आहे. पण हमी हा कर नव्हे. काम केल्यास ती परत मिळते. जो जमीन दुरुस्त करणारच आहे, त्याला ती जड वाटण्याचे कारण नाही. जो करणार नाही, त्याच्यासाठीच तर ती आहे. प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रादेशिक कार्यालयांतील मोजक्या अधिकाऱ्यांनी दूरदूरच्या खाणींची तपासणी करायची, आराखडे मंजूर करायचे आणि वर दाखलेही द्यायचे. राज्याचे खनिकर्म खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वनखाते आणि खाण सुरक्षा महासंचालनालय यांचे अधिकार एकमेकांत गुंतलेले. ज्याने आराखडा मंजूर केला त्यानेच तो पुरा झाल्याचे प्रमाणित करावे, यात त्या अधिकाऱ्याचीही कोंडी होते. आपल्याच मंजुरीतील उणीव त्याने दाखवावी, अशी अपेक्षा करणे मानवी स्वभावाला धरून नाही.

गौण खनिजांचे दुखणे तर आणखी वेगळे. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने ३१ खनिजे गौण ठरवून राज्यांकडे सोपविली. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातील सिलिका वाळू हे त्यातले मराठी वाचकाला जवळचे उदाहरण. या खाणींवरील ब्युरोची देखरेख सुटली. राज्यांची यंत्रणा त्या प्रमाणात वाढली, असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. शहरांभोवतीच्या दगडखाणी तर सर्वांच्या डोळ्यांदेखत खोल होत जातात आणि एके दिवशी पाण्याने भरून पोहायला गेलेल्या मुलांच्या जिवावर उठतात.

या साऱ्याला आता एक तारीख येऊन भिडते आहे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने अनेक जुन्या व्यापारी पट्ट्यांची मुदत ३१ मार्च २०२० ला संपली. कंपन्यांच्या स्वतःच्या वापरासाठी असलेल्या अनेक पट्ट्यांची ३१ मार्च २०३० ला संपणार आहे. पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जुना खड्डा कोणाच्या खाती लिहायचा, हे तोपर्यंत स्पष्ट झाले नाही, तर बाहेर पडणारा आपली हमी घेऊन जाईल आणि आत येणारा ‘हे आमच्या आधीचे’ म्हणून हात झटकेल. न्या. शरद बोबडे, न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्य कांत यांच्या पीठाने ८ जानेवारी २०२० रोजी, खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत रुजविण्याची अट पट्ट्यातच घालण्याचा आदेश केंद्राला दिला होता. गुरांना चारा मिळावा, जीवसृष्टी परतावी, एवढी साधी ती अपेक्षा. हमी सोडताना त्या गवताची पाहणी होते काय, हा प्रश्न विचारण्याचे ठिकाण संसद आहे.

खाण कायद्याच्या कलम २८ नुसार असे सर्व नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवावे लागतात. ते ठेवले जातात. कागदांच्या यादीत एक ओळ वाढते आणि गोंधळात ती वाचलीही जात नाही. अधीनस्थ विधान समितीने हा विषय हाती घेतला, तर सुधारणा फार खर्चिक नाहीत असे दिसून येईल. हमी सरसकट हेक्टरी दराने न ठरविता त्या खाणीच्या प्रत्यक्ष दुरुस्ती खर्चावर ठरावी व दर पाच वर्षांनी तपासली जावी. ती तीन टप्प्यांत, फलित पाहून सुटावी. प्रमाणपत्र आराखडा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याऐवजी स्वतंत्र संस्थेने द्यावे. सोडण्यापूर्वी ग्रामसभेत, तेथील भाषेत नोटीस वाचली जावी आणि हरकतीला लेखी उत्तर मिळावे. प्रत्येक पट्ट्याची हमी किती, कोणत्या बँकेची, मुदत कधी संपते, हे जाहीर व्हावे. दरवर्षी १ जुलैपूर्वी सादर होणारे पुनरुज्जीवनाचे वार्षिक अहवाल आणि ड्रोनची छायाचित्रे तर सरकारजवळ असतातच. ती नागरिकांपासून झाकून ठेवण्याचे प्रयोजन कोणते? आणि पट्टा हस्तांतरित होताना जुन्या धारकाची हमी नव्या धारकाने लेखी दायित्व स्वीकारल्याखेरीज सुटू नये.

यातील एकाही सूचनेसाठी नवा कायदा लागत नाही. नियमांत दुरुस्ती आणि अंमलबजावणीची इच्छा पुरेशी आहे. यशवंतपूरच्या कार्यालयातून किंवा नागपूरच्या मुख्यालयातून निघणारा दाखला हा केवळ एका फाइलीचा शेवट नसतो. त्या सहीनंतर कंपनी निघून जाते, अधिकाऱ्याची बदली होते, बँकेचा कागद फाटतो. गाव मात्र तेथेच राहते. घर रिकामे करताना भिंत पाहण्याचा जो हक्क बंगळूरच्या घरमालकाला आहे, तेवढाच हक्क संडूरच्या वा डिचोलीच्या शेतकऱ्याला आपल्या बांधालगतचा डोंगर पाहण्याचा मिळाला, तरी पुष्कळ झाले.